तुटक्या पायाचा नाकतोडा आणि दौलतरावांची शंका

माननीय दौलतरावांची आणि माझी ओळख संशयातून झाली. त्यांना माझा संशय आला होता आणि मला त्यांचा. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवी अंकात असं लिहावं का, याचा मी बराच विचार केला. पण गोड गोड लिहिलं तर आमचे हे काका पहिल्याच ओळीवर भिंग घेऊन बसतील.

रायपुरातल्या आम्हा कीटकवेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. चार वर्षांपूर्वी, समता कॉलनीतल्या माझ्या घरामागच्या पेरूवर एका संध्याकाळी कॅटिडिड दिसला, म्हणजे लांब मिशांचा, पानासारखा हिरवा नाकतोडा. पाठीवर तपकिरी ठिपक्यांची अशी रांग मी कधीच पाहिली नव्हती. तीन फोटो वरून, तीन बाजूने काढले आणि ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी कौतुक केलं. एकाने मात्र लिहिलं, “दीदी, नेट से उठाया क्या?” ते फार लागलं. तेवढ्यात ज्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते, त्या दौलतरावांचा निरोप आला: “सहाही मूळ फोटो पाठवा. वेळेसकट.”

रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची उभी हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते फोटोंवरून किडे ओळखतात, एवढंच मी ऐकून होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. शोध माझा आणि नाव यांचं होणार, असं धरूनच मी फोटो पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “पोरी, तिसऱ्या फोटोत याचा मागचा डावा पाय नाही. चौथ्यात दोन्ही शाबूत. वाढ झालेल्या नाकतोड्याले तुटला पाय परत फुटत नाही. मधात अकरा मिनिटं गेली. कुठं गेली होती तू?”

“कुठं जाणार काका? कुकर बंद करायले गेली होती,” मी चिडूनच म्हटलं.

“हव. मंग परत आली तेव्हा तो जागेवरच होता?”

“बाजूच्या पानावर होता.”

“तोच होता, का दुसरा होता?”

नव्या शोधाच्या घाईत मी पायसुद्धा मोजले नव्हते.

त्या रविवारी ते स्वतः घरी आले. पेरूचं एकेक पान उलटून पाहू लागले, तेव्हा आईने मला हळूच विचारलं, “काहून गं, झाड विकत घ्यायले आला का हा माणूस?” अर्ध्या तासाने त्यांना हवं ते पान मिळालं. फोटोत होती तशीच तीन भोकं त्यावर होती. तिथेच उभं राहून त्यांनी ग्रुपवर लिहिलं: “पेरू पाहिला. पान जुळलं. फोटो इथलेच. नाकतोडे दोन. चूक झाली, चोरी नाही.” मला रडू आलं. इतरांनी माझ्यावर नुसता विश्वास ठेवला होता. काकांनी तपासून ठेवला.

बाजूने टिपलेला नाकतोडा नेहमीचाच निघाला. ठिपक्यांचा लंगडा मात्र ओळखू येईना, कारण ज्यावरून जात ठरते ते पोटाचं टोक एकाही फोटोत नव्हतं. त्यासाठी काका तीन संध्याकाळी पेरूखाली बसले, तो आला नाही. काहीतरी नाव द्याच, असा सगळ्यांनी आग्रह धरला, तर म्हणाले, “हिरवा दिवा दिसून राहिला म्हणून लाईन मोकळी आहे, असं नसते.” सिलतऱ्याहून कुणी दुर्मीळ काळा नाकतोडा आणला, तेव्हाही त्यांनी आधी ओला कापूस मागितला होता. तिथल्या कारखान्यांची काजळी पुसल्यावर तो हिरवाच निघाला.

त्यांच्या वहीतलं लंगड्याचं पान मी परवा प्रथमच पाहिलं. नाव: प्रश्नचिन्ह. नर की मादी: प्रश्नचिन्ह. ‘तीन संध्याकाळी बसलो’, त्यापुढेही प्रश्नचिन्ह, कारण कदाचित चुकीच्या बाजूला बसलो. पाहणारी: मीनल. माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

या अंकासाठी जन्मतारीख विचारली, तर म्हणाले, “ते तर शाळेतल्या मास्तरनं अंदाजानं लिहिली. पंचाहत्तर झाले, याचा पुरावा काय?”

काका, पुरावा आमच्याकडे नाही. तो गोळा व्हायला वेळ लागेल, म्हणून तुम्ही ठणठणीत राहा. तारखेचं शंभरीला पाहू. पेरूखाली तुमची खुर्ची ठेवलेलीच आहे. त्या लंगड्याचा एखादा नातू, सगळे पाय शाबूत असलेला, अजून सापडायचा आहे.