मोठ्या दारापर्यंतचे सात मीटर

लुबर्ट शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून पत्र्यावर पाणी फवारत होता. धूळ उडू नये म्हणून आधी पाणी, मग पक्कड. कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा तोडला, पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, आणि तोडलेल्या जागी चिकटपट्टी मारली. खाली घरमालक मान वर करून उभा.

"हे छप्पर काढायला किती होतील?"

"ते पत्रा सांगेल. मी नाही."

"अंदाज तरी सांगा की."

"अंदाज सांगितला की लोक नंतर माझ्या आईचा उद्धार करतात."

पण सांगितला. तो नेहमी सांगायचाच. "हे बघा. पत्रा सिमेंटचा, बाहेरचा, अख्खा, आणि स्क्रूनं बसवलेला. पाना फिरवायचा, उचलायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. हे स्वस्तातलं काम. तोच पत्रा फुटला की दोनाच्या जागी चार माणसं. घराच्या आत असला की अख्खी खोली प्लास्टिकनं बंद, हवा ओढायचं यंत्र, माणसांना बाहेर पडताना आंघोळ, आणि शेवटी हवा तपासायला तिसऱ्याच ठिकाणचा माणूस. उंचीवर असला तर परांची. बॉयलरभोवती तो मऊ भुरभुरीत माल निघाला, तर आधी खुर्चीत बसा आणि मग ऐका. पैसे अ‍ॅस्बेस्टॉसचे नसतात. धुळीचे असतात. धूळ जाईल तिथपर्यंत बिल जातं."

वीस वर्षं तो हेच बोलत होता. डीनीकाकूंच्या ब्याऐंशीव्या वाढदिवसालाही तो हेच बोलला, केक खाता खाता, आणि त्याचंच पुढं सगळं झालं.

लुबर्ट नाइकांप या धंद्यात पडला तो बापामुळं. बाप असल्याच पत्र्यांच्या कारखान्यात. संध्याकाळी घरी यायचा तो मैद्याच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा. आई कपडे अंगणात झटकायची. ती धूळ दोघांच्याही छातीत बसली. आई लवकर गेली. बाप सावकाश गेला. खुर्चीत बसून, एक एक श्वास मोजून, दोन वर्षं. लुबर्ट पंधराचा होता. शाळा सुटली ती कायमची. त्या दोन वर्षांत शेजारच्या डीनीकाकू रोज दुपारी वाटाण्याच्या सुपाचं भांडं कुंपणावरून द्यायच्या. काही विचारायच्या नाहीत. "भांडं घासून आण," एवढंच. लुबर्टला आजही कुणी आईबद्दल विचारलं, तर त्याच्या डोळ्यापुढं ते भांडं येतं.

आमच्या ट्वेंटे भागातल्या खेड्यांत पहिला शेजारी कुणी निवडत नाही. घर जवळचं, म्हणजे तो. पहिल्या शेजाऱ्याकडं किल्ली असते. तुम्ही घरी नसलात तर तो टपालाची पेटी रिकामी करतो, कोंबड्यांना दाणे टाकतो. तुम्ही मेलात तर दारोदार जाऊन सांगतो आणि शवपेटीची पुढची डावी कडी धरतो. डीनीकाकूंचा पहिला शेजारी लुबर्ट. काकूंचा नवरा वोल्टर गेला, तेव्हा शवपेटी घरातल्या खळ्यातून, मोठ्या दारातून बाहेर काढली होती. एकेकाळी गवताच्या गाड्या ज्या दारातून आत यायच्या, तेच दार. काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "मलाही इथूनच न्यायचं. पुढच्या दारातून भिकारी आणि धर्मप्रचारक येतात."

तर वाढदिवस. काकूंनी केक कापला आणि विचारलं, खळ्यावरचं छप्पर काढायला किती लागतील. लुबर्ट म्हणाला, "तुमचे पत्रे अख्खे आहेत. पस्तीस चौरस मीटरपर्यंत घरमालकाला स्वतःला काढता येतात, नगरपालिकेला कळवून. काही खर्च नाही. फक्त फोडायचे नाहीत."

पलीकडच्या घरातला एग्बर्ट तिथंच बसला होता. ट्रॅक्टरएवढा माणूस, मन त्याहून मोठं, पण कान अर्धेच. त्यानं 'काही खर्च नाही' तेवढं ऐकलं.

फेब्रुवारीत काकू पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या इस्पितळात, लुबर्ट आठवडाभर दूर ग्रोनिंगेनला शाळांचे पत्रे तपासायला. एग्बर्टनं सगळी आळी गोळा केली. काकू घरी येतील तेव्हा नवं छप्पर. आमच्याकडं बाळ झालं तर हातभर लांबीचा बेदाण्यांचा पाव घेऊन सगळे येतात, लग्न असलं तर दारावर कमान बांधतात, तसंच हे. नऊ माणसं, तीन शिड्या, बियरचे दोन क्रेट. स्क्रू गंजलेले. पाना फिरेना. मग एग्बर्टनं हातोडा आणला.

लुबर्ट शुक्रवारी दुपारी आला, तर सगळे अंगणात उभे. वर नवा कोरा पत्रा. एग्बर्टनं बियरची बाटली पुढं केली. "काय लुबर्ट, झालं की नाही फुकटात?"

लुबर्टनं बाटली घेतली नाही. तो मोठ्या दारातून आत डोकावला. जुने तुकडे खळ्यात पडलेले, झाडून कोपऱ्यात लावलेले. झाडून, म्हणजे कोरड्या झाडूनं. सगळ्या खळ्यावर पिठासारखा थर. स्वयंपाकघराचं दार उघडं, कारण आत कॉफी चालू होती.

"सगळे बाहेर या," तो म्हणाला. "कपडे इथंच काढा."

"थंडी आहे रे. लाज वाटते बायकांसमोर."

"एग्बर्ट, कपडे काढ."

त्याच्या आवाजात असं काही होतं की नऊच्या नऊ माणसं मुकाट्यानं चड्डीवर आली. कुणी हसलं नाही.

तो गप्प बसू शकला असता. आळीतले सगळे तेच म्हणत होते. पाण्यानं धुऊन टाकू, कुणाला कळतंय. पण काकू त्याच घरात झोपणार होत्या, आणि त्यांना न्हाऊ घालायला येणारी पोरगी गरोदर होती. लुबर्टनं फरशीवर टेप दाबून नमुने घेतले, कागद लिहिला, नगरपालिकेला दिला. लाल-पांढरी पट्टी त्यानं स्वतःच्या हातानं फाटकाला बांधली. दुसऱ्या कुणाला बांधू दिली नाही.

घर बंद. अख्खं घर साफ करायचे बेचाळीस हजार युरो. विमा म्हणाला, हातोडा आमचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी एग्बर्ट त्याच्या दारात आला. डोळे लाल. "किल्ली दे. काकूंच्या घराची आणि टपालाच्या पेटीची."

"का?"

"तू पहिला शेजारी राहिला नाहीस. आळीनं ठरवलं. आपल्या माणसावर कागद करणारा कसला शेजारी?"

असं आमच्याकडं आजवर कधी झालं नव्हतं. लुबर्टनं दोन्ही किल्ल्या खिळ्यावरून काढून दिल्या. भांडला नाही. एग्बर्टच गेटपर्यंत जाऊन दोनदा थांबला, पण मागं वळला नाही.

काकूंना इस्पितळातून वृद्धाश्रमात हलवलं. लुबर्ट दर रविवारी जायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा दारात टोपी हातात धरून उभा राहिला.

"आत ये. सूप इथलं वाईट असतं, तुला देत नाही," काकू म्हणाल्या. "एग्बर्ट येऊन रडून गेला. तू पण रडणार असशील तर रुमाल तुझा तू आण."

एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. आठवडे उरलेत. काकूंनी लुबर्टला पलंगाशेजारी बसवलं. त्या जन्मभर शिवणकाम केलेली बाई.

"मला घरी मरायचंय, लुबर्ट. आणि मोठ्या दारातून जायचंय. बेचाळीस हजार कशाचे?"

त्यानं सगळं सांगितलं. चौरस मीटर, प्लास्टिक, यंत्र, माणसं, हवेची तपासणी.

"म्हणजे जागा कमी तर पैसे कमी?"

"हो."

"मग अख्खं घर कशाला? कापड कमी असलं की मी बाह्या आखूड करायची. मला माडी नको, स्वयंपाकघर नको. झोपायची खोली दे आणि तिथून दारापर्यंतची वाट. बाकी ठेवा तसंच."

वीस वर्षांत हे लुबर्टला कुणी विचारलं नव्हतं. मग त्यानं पेन्सिल काढली. खोली तीन बाय चार. खळ्यातून मोठ्या दारापर्यंत सात मीटर, रुंदी दीड.

"शवपेटी आणि दोन्हीकडं माणसं, दीड मीटरमध्ये मावतील का?" काकूंनी विचारलं.

"एग्बर्ट आहे. दोन मीटर धरू."

त्या हसल्या, मग खोकल्या, मग पुन्हा हसल्या.

सहा हजार आठशे. काकूंनी अंत्यविधीसाठी ठेवलेले पैसे काढले. "पेटी साध्या पाइनची घ्या. आणि नंतर फुलं नकोत, कॉफी चांगली द्या."

मे महिन्यात सफाई कंपनीची माणसं आली. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या भिंती उभ्या केल्या, मध्ये तो बोळ. लुबर्टला आत जायची परवानगी नव्हती. ज्यानं नमुने घेतले त्यानं साफसफाईत हात घालायचा नाही, असा नियम. तो आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचा. बुधवारी दुपारी हवा तपासणारा आला. जवळच्या हेन्गेलो गावचाच, चाळिशीचा. तो गाडीत बसताना लुबर्ट कुंपणापाशी गेला.

"मला निकाल सांगू नकोस. फक्त एवढं ऐक. म्हाताऱ्या बाईकडं दिवस नाहीत."

"घरमालकाला आणि कंपनीला, एवढ्यांनाच देता येतो," तो माणूस म्हणाला. "पण लवकर करतो."

गुरुवारी येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. शुक्रवार जोडून सगळ्यांनीच घेतलेला. लुबर्टनं शुक्रवारी सकाळी कंपनीला फोन केला. फोनवरच्या रेकॉर्डमधली बाई म्हणाली, सोमवारी करा. मग त्यानं किल्ल्या दिल्यापासून जे केलं नव्हतं ते केलं. एग्बर्टच्या दारात गेला.

"तुझ्याकडं काही आलं का? कागद?"

"नाही," एग्बर्ट म्हणाला. "काकूंचं टपाल मी पोस्टात सांगून आश्रमात वळवलंय. तिथं पण काही नाही. विचारलं मी." मग, "कॉफी घेतोस?"

लुबर्टनं घेतली. कप संपल्यावर एग्बर्ट म्हणाला, "पट्टी तोडून तिला आणू का रे? सरळ ट्रॅक्टरवर घालून आणतो."

"एक हातोडा बस झाला," लुबर्ट म्हणाला. "सोमवारपर्यंत कळ काढ."

शनिवारी दुपारी सव्वातीनला काकू गेल्या. लुबर्ट शेजारी होता. शेवटचं काय बोलल्या तर, "सोमवार कधी आहे?"

दारोदार सांगायला एग्बर्ट निघाला. पहिल्याच घरी, म्हणजे लुबर्टच्या, आला आणि खिशातून किल्ल्या काढल्या. "मला नाही जमत. तू जा. तूच जा." लुबर्टनं किल्ल्या पुन्हा त्याच खिळ्याला लावल्या आणि कोट घातला.

बुधवारी शववाहिका आश्रमातून निघाली. वाटेत काकूंच्या फाटकापाशी थांबली. सगळी आळी रस्त्यावर उभी. लाल-पांढरी पट्टी वाऱ्यावर फडफडत होती. सोमवारी कंपनीनं निकाल सांगितला होता का, हे कुणी विचारलं नाही. आता विचारून काय करायचं होतं. त्या दारातून घरात मेलेलं माणूस निघतं, बाहेरून आणलेलं नाही. मोठं दार बंदच राहिलं. मग गाडी कबरस्तानाकडं गेली. पुढची डावी कडी लुबर्टनं धरली. उजवी एग्बर्टनं. कॉफी चांगली होती.

जूनमध्ये घर विकायला काढलं, तेव्हा लुबर्ट सामान काढायला गेला. जाता जाता फाटकावरची टपालाची पेटी उघडली. पट्टी बांधल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. टपाल वळवलेलं, मग उघडायची कशाला. आत एकच पाकीट होतं. तिकीट नसलेलं, हातानं टाकलेलं. हेन्गेलोच्या त्या माणसानं प्रयोगशाळेतल्या रात्रपाळीवाल्याच्या मागं लागून निकाल काढला होता आणि गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतः गाडी काढून तो इथं आला होता. तो इथलाच. काही झालं तरी पहिला शेजारी रोज पेटी उघडतो, हे त्याला ठाऊक होतं. कागदाच्या खाली त्यानं पेननं लिहिलं होतं: 'गुरुवार, सकाळी दहा. हवा स्वच्छ आहे. आज्जींना घरी आणा.'