बालवाडीतली मोरपंखी

चुर्रर्र! तिसरीच्या कवितेच्या पुस्तकात दडवलेलं मोरपंखीचं वाळकं पान बोटाखाली असं वाजायचं. शाळेच्या फाटकाशी त्याचं उंच झाड होतं. पान पुस्तकात ठेवलं की विद्या येते, असा वर्गाचा ठाम समज. विद्येचं सोडा, कविता मात्र येऊन बसल्या त्या अजून उठायला तयार नाहीत. रोज संध्याकाळी चंद्रपूरच्या ऊर्जानगरात, घरी मी एक ओळ म्हणतो, सौ. पुढची म्हणते. पण सहा आठवडे झाले, दुसऱ्याच ओळीला तिचा खोकला आडवा येत होता. डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, म्हणाले, "काळजी नाही, वेळ लागेल." वेळ तिला लागत होता, धीर माझा सुटत होता.

त्यातच कुरखेड्याहून देवरावचा, माझ्या बाकावरच्या जुन्या सोबत्याचा, फोन आला. "आमच्या इथची सोमीबाई खोकल्यावर मोरपंखी देते. येऊन जा ना बे!"

मोरपंखी! नाव ऐकलं आणि पिशवी भरली. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे, मी राहू दिलं.

चंद्रपूर स्टँडवर तर्री-पोहे खाऊनच निघावं, पुढे असे मिळत नाहीत. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, पंच्याहत्तर झाले का? मंग फुकट."

"दोन वर्षं थांब, बाबा."

"मी थांबतो जी, गाडी नाई थांबत," म्हणत त्यानं अर्धं तिकीट फाडलं.

मूल गाव सोडलं की दोन्ही बाजूंना धान, मधूनच साग. वैनगंगेच्या पुलावर खिडकीची जागा सोडू नका. गडचिरोलीत गाडी बदलायची आणि आरमोरीवरून कुरखेडा. दुपारी देवरावकडे भात आणि वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी. दोन वेळा वाढून घेतली, तिसऱ्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी देवरावच्या स्कूटरवरून सोमीबाईच्या गावी. साठीची काटक गोंड बाई. टेकडीवर ती पुढे, आम्ही दोघे धापा टाकत मागे. एका काळ्या खडकापाशी तिनं तांदळाचे चार दाणे ठेवले.

"हे काऊन?" देवरावनं विचारलं.

"मांगून घ्या लागते जी. तू कोनाच्या घरून न मांगता आनते का?"

खडकाच्या फटीत बोटभर उंचीचे हिरवे पंखे उभे होते, मोरानं पिसारा फुलवावा तसे. हा एक नेचा. फूल नाही, बी नाही. पान उलटलं की कडेला तपकिरी भुकटी. पावसाळा सरतानाच जा, उन्हाळ्यात तो वाळून गुंडाळून बसतो. सोमीबाईनं मुळं न उपटता दोन झुपक्यांआड एक खुडला.

"चार दिवस, दिवसातून एक डाव. वयनीची बीपीची गोळी चालू ठेवा. नाई थांबला खोकला तर डॉक्टर. आन् पोटुशी बाईले तं मी हे देतच नाई."

टेकडी उतरेपर्यंत मी रंगात आलो होतो. "सोमीबाई, ही बालवाडीतली मोरपंखी! आमच्या घराच्या फाटकाशी तर पुरुषभर उंचीची, पदवीधर झालेली उभी आहे!"

ती हसली. काही विचारणार होती, पण माझी परतीची बस चुकेल म्हणून देवरावनं स्कूटरचा हॉर्न वाजवला. कागदावर माझा पत्ता लिहून तिला दिला आणि निघालो.

घरी आल्यावर काय उरलं? सँडलमधली लाल माती, त्या चार दाण्यांची आठवण आणि चार दिवसांची पुडी. काढ्यानं म्हणा की वेळ झाली म्हणून म्हणा, सौ. चौथ्या ओळीपर्यंत पोचली. पाचव्या दिवशी पुडी रिकामी होती, मला मात्र कविता पूर्ण हवी होती. कात्री घेऊन फाटकाशी गेलो, पदवीधर मोरपंखीची फांदी आणली, उकळली.

"वास वेगळाच येतोय हो," सौ. म्हणाली.

"शिकलेली आहे ती," मी म्हणालो. तिनं कप उचलला.

बेल वाजली. दारात सोमीबाई! घामेजलेली, हातात माझ्याच अक्षरातला कागद.

"भाऊ, फोन कुठी ठेवला? देवराव कालपासून लावून राह्यला!"

फोन उशीखाली, आवाज बंद.

"तुमी उंच झाड म्हणाले. मोरपंखीचं झाड नसते जी! माह्या पोरीनं सांगतलं, बंगल्याच्या कंपाउंडले लावतात ते दुसरंच हाय, पोटात जाऊ नाई द्या लागत. नावच तेवढं एक." तिनं मान उंचावून आत वास घेतला. "वयनी पेली का?"

मी स्वयंपाकघराकडे वळलो. सौ.चा भरलेला कप ओट्यावर परत टेकला.

टक्.