चौदा कोयत्यांची यादी

नारोपंतांना काहीही विचारा, उत्तर देण्याआधी ते उठत. डब्यात मीठ आहे का, असं काकूंनी माजघरातून विचारलं की हे डबा उघडणार, बोट घालून चाखणार आणि मग सांगणार, "आहे. पण ओलं झालंय." कचेरीत कुणी विचारलं, मामलेदारसाहेब आले का, तर दारापर्यंत जाऊन परत येत. "जोडे आलेत. साहेबांचं आत जाऊन बघावं लागेल."

मी त्यांच्या शेजारच्या बैठकीवरचा नक्कल-कारकून. कचेरी कोणती, ते सांगत नाही. ठाण्यापासून कल्याणापर्यंत अर्ध्या लोकांनी तिच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना कळेल. बाकीच्यांनी कळून करायचं काय?

त्या सुमारास मुंबईत एक नवल सुरू झालं होतं. कायदे कौन्सिलातल्या सभासदांनी सरकारला लेखी प्रश्न विचारायचे आणि गव्हर्नरसाहेबांच्या सरकारने भर सभेत त्यांची उत्तरं द्यायची. उत्तर एकदा दिलं की संपलं, त्यावर उलट विचारायची सोय नाही. आम्हाला वाटे, एवढे मोठे साहेब, त्यांना सगळं तोंडपाठ असेल. मग एके सकाळी तसला एक प्रश्न मुंबईहून कमिशनरांकडे, तिथून ठाण्याला कलेक्टरांकडे आणि ठाण्याहून आमच्या रावसाहेब मामलेदारांकडे येऊन पोहोचला. रावसाहेबांनी तो नारोपंतांपुढे टाकला.

नारोपंत कमालीचे खूश झाले. "केशवा, लाटसाहेब अडलेत रे," ते मला म्हणाले. "विचारत विचारत आपल्या ओसरीपर्यंत आले."

प्रश्न असा होता : खडवलीच्या पलीकडच्या एका गावात लोकांना राबासाठी फांद्या तोडू देत नाहीत आणि त्यांचे कोयते काढून घेतले आहेत, हे सरकारला ठाऊक आहे काय? राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर फांद्या आणि पाला पसरून जाळतात तो. आमच्या मुलखात त्यावाचून रोप धरत नाही. आणि कोयत्यावाचून राब नाही.

रावसाहेबांनी उत्तरही सांगून टाकलं. "लिहा, सरकारकडे अशी माहिती नाही. नेहमीचंच आहे."

नारोपंत अर्थातच उठले. डाव्या हाताच्या कपाटाचा खालचा खण त्यांनी ओढला आणि चौदा कोयते एकेक करून रावसाहेबांच्या मेजावर मांडले. जंगलच्या शिपायाने जप्त करून ते मुद्देमाल म्हणून आमच्याकडेच ठेवले होते.

"सरकारला माहिती नसेल," नारोपंत म्हणाले, "पण सरकारच्या कपाटाला आहे."

"नारोपंत, पेन्शनीला किती राहिलं?"

"दोन वर्षं."

"मग जपून लिहा."

"आजवर जपूनच लिहिलं, रावसाहेब. आता बढतीची आशा नाही, तर भीती तरी कशाला बाळगू?"

त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, त्या गावची भिमी कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. ती दर बाजाराला येई. "दादा, राबाची येल चालली. कोयता द्या, नायतर माजा नवरा फांद्या काय दातांनी तोडंल?"

"दात कसे आहेत त्याचे?" नारोपंतांनी विचारलं.

"दोनच हायेत. तेबी हालतात."

"मग कोयताच बरा. खूण सांग."

मुठीला तांब्याची तार, अशी खूण तिने सांगितली. नारोपंतांनी आत जाऊन कोयता पाहिला, परत आले आणि तिलाच विचारून बाकीच्या तेराही कोयत्यांच्या धन्यांची नावं टिपून घेतली.

मला वाटलं, आता झणझणीत शेरा लिहिणार. त्यांनी निव्वळ यादी केली. कोयता, खूण, धनी, कोणत्या खणात. मी तोंड पाडलं, तशी म्हणाले, "अरे, शेरा लिहिला की ठाण्याचा साहेब त्यातलं निम्मं खोडतो, उरलेलं कमिशनर खोडतो. वर जाईतो 'सर्व ठीक' एवढंच उरतं. यादीतलं काय खोडतील? एक कोयता खोडला की तेरा उरतात, आणि चौदावा कुठे गेला ते सांगावं लागतं."

रावसाहेबांनी 'माहिती नाही' असं स्वतःच्या हाताने लिहून सही ठोकली. यादीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे जोडायचंच असेल तर स्वतःच्या सहीने जोडा." कारकून माणूस एवढं धाडस करणार नाही, असा त्यांचा हिशेब. नारोपंतांनी पूर्ण नाव, हुद्दा आणि नोकरीची वर्षं लिहून सही केली. अशा रीतीने एकाच लखोट्यातून आमच्या कचेरीचं 'नाही' आणि आमच्याच कचेरीचं 'आहे' जोडीने ठाण्याला गेलं.

वर काय गोंधळ उडाला तो मी पाहिला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण कौन्सिलात सरकारने उत्तर दिलं : कोयते घेतले होते हे खरे आहे, ते परत करण्याचा हुकूम झाला आहे. फांद्यांबद्दल चौकशी चालू आहे. ती बहुधा अजून चालू असेल. कोयते मात्र राबाच्या आधी गावात पोहोचले. भिमीने आपला तिथेच पायरीच्या दगडावर घासून धार पाहिली आणि रावसाहेबांच्या दाराकडे बघत निघून गेली.

मग नारोपंतांनाच लेखी प्रश्न आला : वरिष्ठांच्या उत्तराविरुद्ध कागद आपण जाणूनबुजून जोडला काय? रावसाहेब मनाने वाईट नव्हते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "नजरचुकीने जोडला, असं लिहा. मी इथेच मिटवतो."

नारोपंतांनी टाक बुडवला आणि लिहिलं, 'होय.' खाली सही.

रावसाहेबांनी कागद उलटून पाहिला. "मागे काही नाही?"

"मावलं सगळं पुढेच."

आठवड्यात बदलीचा हुकूम आला, जंगलपट्टीतल्या हिवतापाच्या तालुक्यात. काकू रडल्या. नारोपंतांनी दप्तर बांधलं, गाडीत बसले आणि मला म्हणाले, "तिकडूनही प्रश्न विचारतील रे कौन्सिलात. मी असलेला बरा." दुसऱ्या पावसाळ्यात तापाने तिथेच गेले. पेन्शन चार महिन्यांवर होती.

लोक हळहळतात. मी हळहळत नाही. त्या साली गव्हर्नरसाहेबांच्या सरकारने पुष्कळ प्रश्नांना उत्तरं दिली. त्यांतलं एक तरी खरं होतं, आणि ते कुणाच्या हातचं होतं हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.