टेकडीवरचं आडवं झाड

घड्याळवाल्या बाबांनी चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून नखाएवढी चाकं बसवली. आई गेल्यावर तर ते दुकान सोडून कुठेच जाईनात, म्हणून एका बुधवारी लेकीने त्यांना ओढतच शहराच्या टोकाला असलेल्या रानबागेत नेलं. टेकडीवर पोचताच बाबा जागीच थिजले. खाली कमरेइतकं गवत डुलत होतं, त्यात हरणं चरत होती आणि पलीकडे नजर जाईल तिथवर झाडीच झाडी.

"हे सगळं आपल्या शहरात आहे?"

"बाबा, आई दर बुधवारी इथेच यायची."

"काहीतरीच काय! ती तर कोपऱ्यापर्यंत फिरून यायची."

"तीन-तीन तास? हरणांना नावंसुद्धा ठेवली होती तिने."

"नावं ती फक्त मला ठेवायची," बाबा पुटपुटले. "मग मला कधी बोलली कशी नाही?"

"दर वेळी सांगायची. तुम्ही मान खाली घालून नुसतं 'हं हं' करायचात."

बाबांनी विचारलं, "बसायची कुठे?"

लेकीने एक आडवं पडलेलं झाड दाखवलं. बाबा त्यावर जाऊन बसले, ते उन्हं कलली तरी उठेनात. हल्ली ते एकटेच जातात आणि घरी आल्यावर काय काय पाहिलं ते लेकीला सांगत बसतात.