खारट फळी

दमट हवेत माझ्या लिहिण्याच्या फळीला ओल सुटते आणि चाळीस वर्षांपूर्वीची शहाडची सकाळ आठवते. आगगाडी कल्याणला आली होती. तिथवर भात न्यायला आम्हांला जुनी बैलगाडी घ्यायची होती. ती फसवी निघाली असती तर दुसरी घेण्याची ऐपत नव्हती. मी चाके फिरवून पाहिली. माझी आई मिठागरवाल्यांच्या घरची. ती वाकली आणि तिने गाडीच्या फळीला जीभ लावली.

“दादा, हिनं मीठ वाहिलंय.”

“भातच वाहिलं, आक्का,” मालक म्हणाला.

“मग तुमच्याकडं भात खारट पिकतं वाटतं.”

तो ओशाळून हसला. मी परत निघालो, तर आईने थांबवले.

“घे रे. मुरलेल्या मिठाला वाळवी शिवत नाही. मीठ खातं ते लोखंडाला. चाकांच्या लोखंडी धावा तेवढ्या हे दादा नव्या घालून देतील.”

त्याने दिल्या. त्याही यथावकाश गंजल्या. गाडी मोडली तेव्हा ही फळी मी ठेवून घेतली. तिला अजून वाळवी लागलेली नाही.