वस्तादाचं दुखणं

महादेव गेल्याचा फोन सकाळी आला. मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा सुटले." चौदा महिने तो कमरेखाली हलला नव्हता. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्यांचं विष रक्तात भिनलं. शिवाजी पेठेत मात्र आजही सांगतात, की मणक्याच्या डॉक्टरनं कंबर मोडली म्हणून वस्ताद गेला. हे खरं नाही. त्या दिवशी मी तिथं होतो, म्हणून लिहितो आहे.

महादेव माझा शाळेपासूनचा मित्र. तालमीत पोरांना डाव शिकवायचा. साठीला आला तरी स्वतः मातीत उतरायचा. एका पट्ठ्याला उचलताना त्याच्या मणक्यातली गादी सरकली आणि डाव्या पायातून कळ जाऊ लागली. ऑपरेशनचं नाव काढलं की उसळायचा. "पाठ फाडली की वस्तादाचा पुतळा हुतोय रं. कोपऱ्यात बसवायचा, हार घालायचा!" पुन्हा मातीत उतरायचं, एवढंच त्याला हवं होतं. शेवटी मीच त्याला कायरोप्रॅक्टिक, म्हणजे बिनऑपरेशन हातानंच मणक्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, हात हलका. पाच-सहा खेपांत त्यांनी मणक्यांना ताण देऊन, दाबून कळ बरीच उतरवली. महादेव वाकून चप्पल घालू लागला. "वस्ताद, माती नाही हं अजून," डॉक्टर बजावायचे. हा हसायचा... आणि एके दिवशी गुपचूप शंभर बैठका मारून आला.

पुढच्या खेपेला रिक्षात म्हणाला, "कालपास्नं लघवीला जोर लावाय लागतोय. मांड्या बी बधिर झाल्यात. कुणाला बोलू नगंस." डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "लघवीला अडचण? मांडीत बधिरपणा? असेल तर मी हात लावणार नाही, आजच ऑपरेशनला पाठवीन."

"न्हाय," महादेव म्हणाला.

तालमीची शिस्तच तशी. अंग रगडणाऱ्याला दुखणं सांगायचं नाही. सांगितलं, की आखाड्याबाहेर बसवतात. मित्राला परक्यासमोर खोटं पाडवलं नाही, मी गप्प बसलो. डॉक्टरांना तरीही शंका आली. त्यांनी मणक्याला हात लावला नाही, एमआरआयची चिठ्ठी दिली आणि आजच करा म्हणाले. महादेवनं ती रिक्षातच चुरगाळली. तिसऱ्या दिवशी त्याचे पाय गेले. ऑपरेशन झालं; सर्जन म्हणाले, दोन दिवस आधी यायला हवं होतं.

दिवसकार्यानंतर घरी गेलो. वहिनी बाहेरच्या खोलीत एकट्याच होत्या.

"भावजी, तुमी संगं हुता न्हवं? डॉक्टरनं इचारलं न्हाय काय?"

"विचारलं."

"मग ह्ये काय म्हनाले?"

"नाही म्हणाला."

"आन तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

तेवढ्यात वहिनींचा मोबाइल वाजला. दर दोन तासांनी महादेवची कूस बदलावी लागे, त्यासाठी मुलानं लावून दिलेला गजर... तो अजून तसाच होता. त्या उठल्या, भिंतीकडच्या कॉटपाशी गेल्या. कॉटवर अंथरूण नव्हतं, नुसत्या लोखंडी पट्ट्या. दोन्ही हात सवयीनं पुढे झाले आणि तिथंच थांबले. गजर वाजत राहिला.