सरांचं खाकरणं

बुद्धिबळाच्या सरांना सगळ्यात जास्त राग येई तो स्वतःच्याच पाटीचा. 'सर्व वयोगटांसाठी, सर्व पातळ्यांसाठी' असं त्यांनीच हौसेनं रंगवून घेतलं होतं, आणि वाचनालयाच्या माडीवरच्या त्या एकुलत्या खोलीत आता ते 'सर्व' खरोखरच येऊन बसत होते. निवृत्त नर्सबाई, घोडा अडीच घरं चालतो हे दर आठवड्याला नव्यानं ऐकणारा शिंपी, आणि टेबलापर्यंत हनुवटीही न पोचणारी चिमणी नावाची पोर. एकाला समजावून होईतो दुसऱ्याचा राजा अडकलेला. सरांचं डोकं भणभणून जाई.

या धावपळीत त्यांना एक खोड लागली. कुणाचा हात चुकीच्या सोंगटीकडे निघाला की सर खाकरत. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, म्हणून हात पोचायच्या आत खाकरत. हात मागे येई, दुसरीकडे जाई, डाव वाचे. सर खूश, मंडळी त्याहून खूश.

यंदा मात्र वाचनालयाच्या चिटणीसांनी निर्वाणीचं सांगितलं. "सर, स्पर्धेत तुमचं एखादं तरी माणूस जिंकू दे. नाहीतर खोली गाण्याच्या क्लासला जाईल. मी तरी किती सांभाळून घेऊ?"

"नर्सबाई जिंकतील," सर छातीठोकपणे म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी शिक्षकांना हॉलबाहेर उभं केलं. सर काचेतून बघत होते. नर्सबाईंचा डाव झकास जमला होता. मग त्यांचा हात वजिराकडे निघाला. सर खाकरले. हात अधांतरी थांबला, बाईंनी कान टवकारले. सर पुन्हा खाकरले, मग असे खोकले की दारावरच्या माणसानं धावत पाणी आणून दिलं. काचेपलीकडे काही म्हणजे काही पोचलं नाही. बाईंनी वजीर उचलला आणि हातचा डाव घालवला. शिंपी आणि चिमणी तर आधीच हरून कोपऱ्यात बसले होते.

परतीच्या वाटेवर सर तडकले. "इतकं कानीकपाळी ओरडून शिकवलं, सगळं पाण्यात! समोरचा उंट दिसला नाही तुम्हाला?"

"अहो सर, तुम्ही खाकरलाच नाहीत," बाई खरंच गोंधळल्या होत्या. "मला वाटलं, बरोबर असेल."

चिडायचं कुणावर? स्वतःचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता.

खोली अर्थातच गेली. शेवटच्या वर्गाला त्यांनी नर्सबाई आणि चिमणीला समोरासमोर बसवलं, दार लोटलं आणि स्वतः जिन्यावर जाऊन बसले. आत काय चाललंय दिसत नव्हतं, तरी घसा खवखवतच होता. शेवटी त्यांनी तोंडात रुमाल कोंबला. तेवढ्यात चिटणीस किल्ली न्यायला जिना चढून आले.

"बरं नाही का, सर?"

सरांनी हातानंच थांबा म्हटलं.

दार उघडलं. चिमणीचे डोळे भरलेले, गाल लालबुंद. "सर, माझा वजीर गेला. बाईंचा उंट मला दिसलाच नाही." तिनं बाहीला नाक पुसलं. "आता दिसतो. पुन्हा खेळू?"

सरांनी तोंडातला रुमाल काढला आणि चिटणीसांकडे पाहिलं. "एकच डाव, साहेब."

"गाण्यावाल्यांचं सामान खाली येऊन पडलंय हो."

सरांनी खिशातून किल्ली काढली. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्या खोलीत कुणीतरी आपल्या डोळ्यांनी काही पाहिलं होतं, आणि हा मेला घसा गप्प बसायला आजचाच दिवस सापडला होता.